सुट्या ड्रमचं अर्थशास्त्र

माझा लग्नातला सफारी सूट सांगली परिसरातल्या लघुउद्योगांवर संकटासारखा कोसळत होता, हे मला चाळीस कारखाने फिरून झाल्यावर कळलं. तोवर मी समजत होतो की लोक मला मान देतायत.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. मी सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. 'करत होतो' हा शब्द उदार मनानं वाचावा. विषय मोठा भारदस्त होता: करपद्धतीचा छोट्या कारखान्यांतल्या नव्या सुधारणांवर आणि उत्पादकतेवर होणारा परिणाम. साध्या भाषेत सांगायचं तर, सरकार कर घेतं म्हणून माणूस नवं काही करायचं सोडतो का, हा प्रश्न. माझ्या मार्गदर्शक बाई साताऱ्याला असायच्या. सोडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. दहा वर्षं त्या यावर लेख लिहीत होत्या. मी फक्त कारखान्यांत जाऊन पुरावा गोळा करायचा होता.

म्हणून मी सफारी घातला, चामड्याची बॅग घेतली, खिशाला दोन पेनं लावली आणि निघालो. हळदीला पॉलिश करणारे ड्रम, गुऱ्हाळाचे चरक, पाण्याचे पंप असं काही ना काही बनवणाऱ्या शेडमध्ये शिरायचं आणि छापील प्रश्नावली काढायची. चौदावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: 'गेल्या पाच वर्षांत आपण यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत कोणती नवीन सुधारणा केली?'

सगळीकडे एकच दृश्य. मी दारात दिसलो की आतलं वेल्डिंग थांबायचं. खुर्ची यायची, ती हातरुमालानं पुसली जायची. थंड पेय यायचं. मालक हात जोडून उभा राहायचा आणि चौदाव्या प्रश्नाला म्हणायचा, "नवीन कुठलं साहेब! बापाच्या वेळचंच चाललंय." मी मान डोलवायचो आणि लिहायचो: सुधारणा, नाही. चाळीस कारखाने, चाळीस 'नाही', आणि सुमारे चाळीस बाटल्या थंड पेय. एवढा गोडवा पोटात घेऊन मी माझा तक्ता साताऱ्याला नेला.

बाईंनी तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मग चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढणं हे कोर्टात न्यायाधीश उभा राहण्यासारखं होतं.

"चाळीसमध्ये एकानंही काही नवीन केलेलं नाही?"

"नाही बाई. म्हणजे तुमचंच म्हणणं सिद्ध झालं. करामुळे प्रगती खुंटली."

"खुंटली नाही हो, हे तर मेलेलं दिसतंय." त्यांनी मधलाच एक कागद ओढला. "हे कोण? निवृत्त सुभेदार. हळद पॉलिशचे ड्रम करतात. उत्तर: वडिलांच्या वेळचंच यंत्र आहे. वडील काय करायचे त्यांचे?"

मी माझीच प्रश्नावली वाचली. "शेती. वडूजकडे."

"कसली?"

"बाजरी."

"वडूजकडे बाजरीला पॉलिश करतात?"

भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं.

बाईंनी कागद माझ्या हातात ठेवला. "हे बघा. महिन्यानं संशोधन समितीची बैठक आहे. तुमची मुदतवाढ तिथं ठरणार. हा तक्ता घेऊन आलात तर तुमची नोंदणी रद्द करा, असं मीच सांगेन. आधी या सुभेदारांकडे जा. आणि खरं काय ते घेऊन या."

सांगलीपर्यंतच्या एसटीत मी एकच गोष्ट मोजत होतो. सहा वर्षं घालवलेली पदवी आणि तिच्या वाटेत उभी असलेली बाजरी.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती हळद-गुळाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिनं हँगरवरच्या सफारीकडे बोट दाखवलं.

"हा घालून हिंडलात?"

"मग काय, लुंगी लावून जाऊ?"

"अहो, हा सूट आणि ही बॅग पाहिली तर आमचे बाबासुद्धा शटर ओढतील. विक्रीकर खात्यातला माणूस अस्साच दिसतो."

म्हणजे चाळीस माणसांनी मला कर-अधिकारी समजून आपापली हुशारी लपवली होती. करामुळे लोक नवं करतात की नाही, हे शोधायला मी करासारखा दिसत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पायजमा, बुशशर्ट आणि बायकोची लुना घेऊन मी सुभेदारांच्या शेडवर गेलो. शेड शहराच्या हद्दीबाहेर, जकात नाक्याच्या पलीकडे. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर वेशीवरच घेतला जाणारा कर. सुभेदार सैन्यात गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेराजवळ म्हणून इकडे स्थायिक झालेले. मिशी अजून नोकरीत होती.

पहिल्या भेटीत त्यांनी मला कडक सलाम ठोकला होता. आता ओळखलंच नाही. ते एकटेच ट्रॉलीवर लोखंडाचा मोठा अर्धगोल पत्रा चढवायला बघत होते.

"ओ पावनं! बगत काय हुबं ऱ्हायलाय? धरा की त्या टोकाला!"

मी धरलं. असे दोन अर्धगोल, टेकू द्यायच्या दोन घोड्या, एक आस, एक हँडल, सगळं ट्रॉलीवर चढलं. "येताय का शहरात? तिकडं उतरवायला बी मानूस पायजे," असं म्हणून त्यांनी माझ्या होकाराची वाट न बघता ट्रॅक्टर चालू केला. लुना शेडमध्ये राहिली आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक ट्रॉलीत भंगारावर बसून शहराकडे निघाला.

नाक्यावर कारकून बाहेर आला. त्यानं ट्रॉलीत वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, मला वगळून बाकीचं लिहिलं: लोखंडी सामान, सुटं. पावती फाडली, आडवा बांबू वर गेला.

हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्याच्या गोदामात आम्ही सगळं उतरवलं. मग सुभेदारांनी खिशातून बिडी काढली, पेटवली आणि कामाला लागले. घोड्या उभ्या केल्या. आस ठेवली. अर्धगोल एकमेकांना भिडवले आणि कडेच्या भोकांतून बोटभर जाडीच्या लोखंडी खिळी ठकाठक आत सारल्या. बिडी संपायच्या आत माझ्यासमोर हळद पॉलिशचा अख्खा ड्रम उभा होता. वाळवलेल्या हळकुंडांची दोन पोती आत ओतली, हँडल फिरवलं, आणि मातकट, सालपटांची हळकुंडं एकमेकांवर घासत पिवळीधमक होऊ लागली.

"अहो, हे तर नवीन आहे!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

सुभेदारांनी हँडल सोडलं. "तुमी कोन?"

मी खरं सांगितलं. कॉलेज, पीएच.डी., चौदावा प्रश्न. त्यांनी माझा चेहरा निरखला आणि त्यांच्या मिशीला धक्का बसला. "आयला! ते सफारीवालं साहेब तुमीच व्हय?" मग एवढे हसले की व्यापाऱ्याचा मुनीम बाहेर आला. "आवं मास्तर, तुमी आला त्या दिवशी ह्यो ड्रम ताडपत्रीखाली घातला हुता. तुमी त्येच्यावरच कागद ठिवून लिवलं!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी ते ड्रम अखंड जोडून आणायचे. नाक्यावर तो 'यंत्र' म्हणून धरला जायचा आणि यंत्राची जकात जास्त. सुट्या लोखंडाची कमी. म्हणून त्यांनी ड्रमचे तुकडे केले. जकात वाचवायला म्हणून केलेला तुकड्यांचा ड्रम व्यापाऱ्यांना भलताच आवडला. कारण तो आता बैलगाडीतूनही जाऊ लागला. शेतकऱ्यानं हळद शहरात आणून पॉलिश करायची, त्याऐवजी ड्रमच रानात जाऊ लागला. व्यापारी तो भाड्यानं फिरवू लागले. सकाळी एका मळ्यात, दुपारी दुसऱ्या. गोदामात महिनाभर झोपणारं यंत्र आता हंगामभर दमत होतं.

मी थरारलो. आमच्या शास्त्रात यालाच उत्पादकता म्हणतात. आणि ती कुणामुळे वाढली? करामुळे! बाईंच्या दहा वर्षांच्या लेखांच्या बरोबर उलट.

"सुभेदार, हे मी लिहिणार."

हसणं खाडकन थांबलं. "लिवायचं न्हाई. बिलकुल न्हाई. नाक्यावाल्यानं वाचलं तर उद्यापासनं सुट्याला बी यंत्राची जकात लावंल. शपत घ्या."

"कशावर?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळदीच्या उघड्या पोत्याकडे बोट केलं. मी त्यात मनगटापर्यंत हात घालून शपथ घेतली. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "कुणाला हळद लावून आलात?" तिला सांगता येईना की पदवीला.

तीन आठवडे मी तळमळलो. पूर्ण साताऱ्याला पटेल असं एकच सत्य माझ्याकडे होतं आणि तेच लिहायचं नव्हतं. दुसऱ्या कारखान्यांत पायजमा घालून गेलो, तर मालकांनी उधारी मागायला आलेला समजून चहासुद्धा दिला नाही. शेवटी बैठकीला चार दिवस उरले तेव्हा मी सुभेदारांच्या घरी गेलो. शेडच्या मागेच दोन खोल्या. सुभेदार दारात खाटेवर, त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, आत शेंगा फोडत बसलेल्या.

"सुभेदार, मला शपथेतून सोडवा."

"न्हाई."

"तुमचं नाव घालत नाही. गावही घालत नाही."

"न्हाई म्हंजे न्हाई. फौजेत बी आमी राज फोडत न्हवतो."

"बरं, एक तरी सांगा. हा नाकाच नसता तर तुम्ही काय केलं असतं? आहे तसाच ड्रम करत राहिला असता?"

सुभेदार उठून बसले. अचानक त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "मास्तर, मी हळद शिजवायचं यंत्र केलं असतं. वाफंवरचं. आता बगा, काहिलीत पानी घालून, खालनं जाळ करून अर्धा दिस जातो. वाफंवर घटकाभरात काम हुईल. दोन वर्सं झाली डोक्यात हाय. पन ह्या ड्रमाचं तुकडं पाडायच्या नादात त्याला हातच लावला न्हाई."

हे ऐकून माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. अर्थशास्त्रातल्या कुठल्याही पुस्तकानं मला इतकं शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "आनि खिळीचं कोन सांगनार?"

"तू गप गं," सुभेदार म्हणाले.

वहिनी शेंगांचं सूप घेऊनच बाहेर आल्या. "का गप? भाऊजी, ह्यांनी तुकडं पाडलं, खरं हाय. पन जोडायला नट-बोल्ट लावलं हुतं. हळदीची धूळ आट्यांत जायची. पाने घिऊन सकाळभर कुस्ती. मी म्हनलं, बैलगाडीचं चाक काय नट-बोल्टानं ऱ्हातंय व्हय? आसाला एक खीळ मारली की झालं. तवा कुठं डोस्क्यात उजेड पडला फौजेच्या."

मी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदार मिशीकडे बघत होते, म्हणजे खाली.

"वहिनी, माझ्या प्रश्नावलीत पंधरावा प्रश्नच आहे. सुधारणा कुणी सुचवली?"

"मग लिवा की!"

"आगं, नाकेवाला..." सुभेदार कळवळले.

"नाकेवाला, नाकेवाला! आवं, त्यो कारकून परवा माज्याकडं आलता. तुमी वडूजला गेलता तवा. त्येच्या दोन एकरात हळद हाय. पेठेतनं भाड्यानं आपलाच ड्रम नेला हुता, एक खीळ हरवली म्हनून मागाय आलता. मी दिली. म्हनला, वैनी, नेमात जे सुटं येतं ते सुटं, आमी काय बिडी पेटवून जोडून बघाय बसत न्हाई."

दोन वर्षं शत्रूपासून लपवलेली चौकी शत्रूच भाड्यानं वापरतोय, हे कळलेल्या सेनापतीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"आनि तू मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी मला सांगितलं का, मास्तरांना कुनाची खीळ म्हनून सांगितली ते?"

सुभेदारांनी दोन्ही हात वर केले. "लिवा मास्तर. दोगांचं लिवा. शपत रद्द."

साताऱ्याच्या बैठकीत लांब टेबलाच्या टोकाला पुण्याहून आलेले एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. भर दुपारी स्वेटर घातलेला. त्यांच्या शेजारी आमच्या बाई. मी उभा राहिलो आणि चाळीस 'नाहीं'चा तक्ता सगळ्यांदेखत मागे घेतला. का घेतला तेही सांगितलं, सफारीसकट. स्वेटरवाले सर खोकल्याच्या निमित्तानं हसले. मग मी ड्रमची गोष्ट सांगितली. तुकडे, नाका, खीळ, रानात फिरणारं यंत्र. बाईंचा चष्मा हळूच टेबलावर आला.

"थांबा," स्वेटरवाले सर म्हणाले. "म्हणजे कर लावला की लोक नवं शोधतात, असं तुमचं म्हणणं? मग उद्या हे वाचून एखादा मंत्री जकात दुप्पट करेल आणि म्हणेल, बघा, विकास!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. दहा वर्षं त्यांनी मांडलेलं मी मोडतोय की वाचवतोय, हे त्यांनाही कळत नसावं.

"नाही सर," मी म्हणालो. "कर लावला म्हणून त्यांचं डोकं थांबलं नाही, हे खरं. पण ते कुठं चालायचं, हे नाक्यानं ठरवलं. त्या माणसाला वाफेवर हळद शिजवायचं यंत्र करायचं होतं. शेतकऱ्याचा अर्धा दिवस वाचला असता. त्याऐवजी तो दोन वर्षं ड्रमचे तुकडे पाडत बसला. तुकड्यांतूनही चांगलं निघालं, ते त्याच्या बायकोच्या हुशारीनं. आपण फक्त नवं झालं की नाही हे मोजतो. काय व्हायचं राहिलं, हे आपल्या तक्त्यात कुठंच नाही."

स्वेटरवाल्या सरांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग बाईंकडे वळले. "बाई, तुमच्या विद्यार्थ्यानं तुम्हाला निम्मं खोडलंय."

"निम्मंच?" बाई म्हणाल्या. "म्हणजे बाकीचं निम्मं त्यानं अजून नीट वाचलेलं दिसत नाही." आणि त्या हसल्या. बाईंना हसताना मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. दात सुरेख होते.

दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अट एकच. चाळीसही कारखाने पुन्हा करायचे. कागद न काढता, आधी दिवसभर तिथं काम करून. चौदावा प्रश्न बाईंनी स्वतःच्या हातानं खोडला आणि बाजूला नवा लिहिला: 'करायचं होतं पण केलं नाही, असं काय आहे?'

मी साताऱ्याहून कंदी पेढे घेतले आणि सांगलीला उतरलो तो थेट सुभेदारांच्या शेडवर. बातमी सांगितली. वहिनींनी पेढा तोंडात टाकला, पण लक्ष जमिनीकडे. शेडच्या फरशीवर खडूनं मोठं चित्र काढलं होतं. एक गोल टाकी, तिला नळ्या, खाली भट्टी.

"त्या दिवशी तुमी इचारून गेलात आनि ह्यांची झोप उडाली," वहिनी म्हणाल्या.

"वाफंचं यंत्र," सुभेदार उकिडवे बसून म्हणाले. "पन घोळ हाय मास्तर. ह्येचं तुकडं पडत न्हाईत. जोड आला की वाफ गळनार. अखंडच पायजे. आनि अखंड म्हंजे नाक्यावर पुन्ना यंत्र. आता तुमी डाक्टर हुनार, तुमीच सांगा."

मी बूट काढून खाली बसलो आणि गंभीरपणे चित्राकडे बघितलं. मुदतवाढ मिळालेल्या माणसाच्या डोक्यात किती पोकळी असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

"चाकं लावा त्येला," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"खाली दोन चाकं, म्होरं ट्रॅक्टरला जोडायचा आकडा. मग त्यो माल कुठला? गाडी झाली ना! रानातनं रानात जाईल, नाक्यातनं बी जाईल."

सुभेदारांनी आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बायकोकडे. खडू त्यांच्या हातातून सुटला तो वहिनींनीच उचलला आणि टाकीखाली दोन चाकं काढली. एक जरा लंबगोल आलं.

"मास्तर," सुभेदार हताशपणे म्हणाले, "हिलाच न्या तुमच्या कॉलेजात. मला इथं सुखानं वेल्डिंग करू द्या."

"जाईन की," वहिनी म्हणाल्या. "पन आदी ही गाडी हुबी ऱ्हाऊ दे. भाऊजी, ते चाक पुसून नीट काडा जरा. तुमचा हात लिवायचा हाय."